गल्लीतल्या मुलीला रेट सिंड्रोम आहे, मंडळाचे पैसे संशोधनाला द्यावेत का तिच्या घरी?

सांगलीकर_खजिनदार:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. सांगलीत आमचं गल्लीतलं छोटं गणेश मंडळ आहे, पंचवीसेक कार्यकर्ते. यंदा डीजे नाही असं ठरलं (निम्मी पोरं अजून फुगून बसलीत) आणि त्यामुळं सव्वादोन लाखाच्या आसपास शिल्लक राहिलीय. खजिनदार मी, म्हणून डोक्याला ताप पण माझ्याच.

गल्लीत एक सात वर्षांची मुलगी आहे. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात, आई घरीच, कारण पोरीला सोडून कुठं हलताच येत नाही. पोरगी वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चांगली होती, बाबा म्हणायची, बिस्कीट स्वतः धरून खायची. मग हळूहळू सगळं गेलं. आता सारखे दोन्ही हात एकमेकांत चोळत असते, बोलत नाही, मध्येच श्वास धरून ठेवते, फिट येतात. आधी कुणी ऑटिझम सांगितलं, कुणी सेरेब्रल पाल्सी, गेल्या वर्षी जेनेटिक टेस्ट केली तेव्हा रेट सिंड्रोम निघालं. गल्लीत कुणी हे नावच ऐकलं नव्हतं.

मीटिंगमध्ये आता तीन गट पडलेत. एक म्हणतो रोख रक्कम घरी नेऊन द्या, विषय संपला. दुसऱ्या गटाला एक जण भेटलाय, ऑनलाइन कॅम्पेन करून देणारा, तो म्हणतो परदेशात जीन थेरपी (बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत शरीरात सोडायची) आहे, पंधरा कोटी लागतील, आम्ही उभे करून देतो, फक्त पोरीला फिट आलेली असताना एक व्हिडिओ पाहिजे. तिसरा गट म्हणजे पुण्यात शिकणारा आमचा एक पोरगा, तो म्हणतो औषधच नाहीये तर पैसे कुठंही टाका काही होणार नाही, संशोधन करणाऱ्या संस्थेला द्या म्हणजे पुढच्या पोरींना तरी उपयोग होईल.

मुलीच्या आईला विचारलं तर म्हणाल्या तुम्हीच ठरवा भाऊ. कुणाला अनुभव असेल तर स्पष्ट सांगा, येत्या रविवारी मीटिंग आहे.

---

ठाणेकर_आई:

दादा, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिलाही रेट आहे, त्यामुळे जे लिहिते ते घरातलं लिहिते.

सगळ्यात आधी तो व्हिडिओ नको. काही झालं तरी नको. फिट येत असताना मोबाईल काढायचा नसतो, किती मिनिटं चालली ते बघायचं असतं, कुशीवर वळवायचं असतं. (डॉक्टरांना दाखवायला आईने काढलेला व्हिडिओ वेगळा, तो उपयोगाचा असतो, पण तो डॉक्टरांसाठी, म्युझिक लावून फेसबुकवर फिरवायला नाही.) आणि या मुलींना सगळं कळतं बरं का. बोलता येत नाही, हात वापरता येत नाहीत, म्हणून लोक समजतात की समज नाही. माझी मुलगी डोळ्यांनी बोलते. दोन चित्रं समोर धरली की पाहिजे त्याच्याकडे बघते, आणि नको असेल तर अशी काही नजर फिरवते की विचारू नका. तिच्यासमोर बसून हिचं काही खरं नाही असं बोलणारे पाहुणे मी आता घरात घेत नाही.

आता पैशाचं. पंधरा कोटीचं औषध आज कुठल्या दुकानात विकायला नाहीये. जीन थेरपी अजून चाचणीतच आहे, त्याबद्दल इथे जाणकार कुणी सांगेल. पण घरात पैसा कुठे जातो ते मी सांगते. फिजिओथेरपी आठवड्यातून दोन-तीनदा, ती थांबली की पाय आखडतात आणि पाठ वाकते, रेटमध्ये पाठीचा कणा वाकणं फार कॉमन आहे, दहा-बारा वर्षांपर्यंत बऱ्याच मुलींचा वाकतो. मग पायाचे स्प्लिंट, ते वाढत्या पायाबरोबर परत परत करावे लागतात. उभं राहायची फ्रेम. फिटची औषधं. डायपर. बद्धकोष्ठतेचं औषध, हसू नका, त्यावर आमच्या घरात अर्धा दिवस जातो. मऊ जेवण भरवायला एका वेळेला पाऊण तास. आणि सगळ्यात महाग काय असेल तर आईची गेलेली नोकरी, ते कुठल्याच बिलात येत नाही. मी बँकेत होते.

एक गोष्ट पैशाआधी विचारा, मुलीचा ईसीजी झालाय का? रेटमध्ये काही मुलींच्या हृदयाच्या ठोक्यात दोष असतो, क्यूटी लांबते म्हणतात (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ लागतो), आणि मग काही अँटिबायोटिक आणि उलटीवरची काही औषधं त्यांना चालत नाहीत. गावातल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही, त्यांचा दोष नाही, आयुष्यात एखादी अशी पेशंट बघतात ते. ईसीजी दोन-तीनशे रुपयांत होतो. वर्षाला एकदा करायचाच.

आणि अजून एक, स्टेम सेलवाले येतील, म्हणजे मूळ पेशी टोचून बरं करतो म्हणणारे, आलेच नसतील तर आता कॅम्पेनचा बोभाटा झाला की येतील. आमच्याकडे एका क्लिनिकने काही लाख सांगितले होते, वर गॅरंटी. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा उपचार म्हणून विकता येत नाही. आम्ही नाही केलं, पण त्या रात्री मी आणि नवरा भांडलो होतो, कारण आशा लागते ना हो कुणालाही.

---

स्पष्टवक्ता_सातारकर:

ताईंनी सांगितलं तेच बरोबर. संशोधन बिंशोधन अमेरिकेतले लोक करतील, त्यांच्याकडं डॉलर आहेत. तुमचे दोन लाख तिकडं म्हणजे समुद्रात खडा. पोरीच्या घरी किराणा भरून द्या, फिजिओवाल्याचं वर्षाचं बिल भरा आणि मोकळे व्हा. वर्गणी गल्लीची, पैसा गल्लीत.

---

औंध_ते_एडिनबरा:

मी न्यूरोसायन्समध्ये काम करतो, रेटवर थेट नाही पण शेजारच्या विषयात, आणि योगायोगाने त्याच शहरात आहे जिथे रेटचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला. त्यामुळे सातारकरांना थोडं उत्तर देतो, थोडं खजिनदारांना.

हा आजार 1966 साली व्हिएन्नाच्या आंद्रेयास रेट या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिला. गोष्ट अशी सांगतात की 1954 मध्ये त्यांच्या वेटिंग रूममध्ये दोन आया आपापल्या मुलींना घेऊन शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोन्ही मुली हात धुतल्यासारखे एकाच पद्धतीने चोळत होत्या, ते त्यांच्या नजरेत भरलं. पण त्यांचं लिखाण जगात फारसं कुणी वाचलं नाही. 1983 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट हागबर्ग यांनी इतर युरोपियन डॉक्टरांबरोबर 35 मुलींचा पेपर छापला तेव्हा कुठे जगभरच्या डॉक्टरांना कळलं की अरे, आपल्याकडेही अशी एक आहे. म्हणजे मधली सतरा वर्षं फुकट गेली, औषध नव्हतं म्हणून नाही, कुणी मोजलं नव्हतं म्हणून.

मग 1999 मध्ये ह्यूस्टनला हुदा झोग्बी यांच्या लॅबमध्ये जीन सापडला, एमईसीपी-टू नावाचा, एक्स क्रोमोसोमवरचा. हे सापडल्यामुळे आईवडिलांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं, कारण जवळपास सगळ्या केसेसमध्ये हा दोष आनुवंशिक नसतो, नव्याने होतो, आणि बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत. त्यामुळे सासरी कुणी त्या आईला बोल लावत असेल तर खजिनदार, हे वाक्य मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा.

2007 मध्ये इथे एडिनबरात एड्रियन बर्ड यांच्या टीमने उंदरांमध्ये हा जीन बंद ठेवला, आजाराची लक्षणं पूर्ण येऊ दिली, आणि मग परत चालू केला. उंदीर बरे झाले. मोठे, आजारी, मरायला टेकलेले उंदीर. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं मेंदू एकदा असा घडला की संपलं. या प्रयोगाला जो पैसा लागला त्यात वेलकम ट्रस्टसारखा मोठा फंड होता, पण रेटच्या मुलींच्या आईवडिलांनी काढलेल्या संस्थेचाही होता, केक विकून आणि मॅरेथॉन पळून जमवलेला. सातारकर, तो पण कुणाच्या तरी गल्लीचाच पैसा होता.

पालकांच्या संस्था पुढेही पैसे घालत राहिल्या. अमेरिकेत 2007 मध्ये दोन संस्था एकत्र होऊन एक मोठी झाली, 2008 मध्ये फक्त संशोधनासाठी अजून एक निघाली. ट्रोफिनेटाइड नावाचं औषध न्यूझीलंडच्या प्रयोगशाळेतून आलं, सुरुवातीच्या चाचण्यांना पालक संस्थेने पैसे दिले, 187 मुलींवर मोठी चाचणी झाली आणि 10 मार्च 2023 ला अमेरिकेत रेटसाठीचं पहिलं औषध म्हणून मंजूर झालं. आता खरी परिस्थिती ऐका. फरक पडतो पण माफक, चाचणीत 80 टक्के मुलींना जुलाब झाले, आणि किंमत वर्षाला काही लाख डॉलर. म्हणजे ते मागवायला कॅम्पेन करा असं मी अजिबात म्हणणार नाही.

जीन थेरपीचं. सध्या दोन कंपन्यांच्या चाचण्या पुढे आहेत, एक पाठीच्या मणक्यातून देते, दुसरी मेंदूच्या पोकळीत. रेटमध्ये अडचण अशी की हा जीन कमी पडला तर रेट आणि जास्त झाला तर दुसराच गंभीर आजार, त्यामुळे डोस फार नेमका लागतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जास्त डोस दिलेल्या एका पेशंटचा मृत्यू झाला आणि कंपनीने तो डोस थांबवला. कमी डोसवरच्या मुलींचे निकाल आशादायक आहेत. पण मुख्य मुद्दा, अशा कंपनीच्या चाचणीत भाग घ्यायला पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जो पंधरा कोटी मागतोय त्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. भारतातली असेल तर सीटीआरआय या आपल्या सरकारी नोंदणीच्या वेबसाइटवर सापडेल, अमेरिकेतली असेल तर त्यांच्या सरकारी नोंदणीत. क्रमांक दिला नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि संशोधनाला मदत म्हणजे परदेशात चेक पाठवणं एवढंच नसतं. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 28 लाख होती. त्यात अठराच्या आतल्या मुली अंदाजे चार लाख धरा. रेट दहा ते पंधरा हजार मुलींमागे एकीला होतो, म्हणजे तुमच्या जिल्ह्यात पंचवीस ते चाळीस मुली असायला हव्यात. तुम्हाला किती माहीत आहेत? बाकीच्या कुठल्या तरी घरात सेरेब्रल पाल्सीच्या फाइलखाली बसल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने 1993 पासून देशभरातल्या रेटच्या मुलींची नोंद ठेवली, अमेरिकेने 2006 पासून हजाराहून जास्त जणींना वर्षानुवर्षं तपासून लिहून ठेवलं, आणि म्हणून औषध आलं तेव्हा ते काम करतं का हे मोजायची पट्टी तयार होती. ज्या देशाकडे यादी नाही तिथे कंपनी चाचणी घेऊन येत नाही.

---

नाशिकचा_बाप:

मी दुसऱ्या आजारातला आहे, एसएमए, स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी, म्हणजे मुलांचे स्नायू कमजोर होत जातात तो, पण क्राउडफंडिंगचा अनुभव आमच्या लोकांना सगळ्यात जास्त त्यामुळे लिहितो.

2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळाचं सोळा कोटीचं इंजेक्शन सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, लोकांनी पैसे दिले, सरकारने सहा कोटींच्या घरातला कर माफ केला. चांगलं झालं. पण त्यानंतर प्रत्येक एसएमएच्या घरात तेच सुरू झालं, आम्ही पण केलं, आणि खरं सांगायचं तर ज्याचं बाळ गोरं, हसरं आणि ज्याच्या मामाला सोशल मीडिया कळतो त्याचे पैसे जमतात. बाकीच्यांचे अर्ध्यात अडकतात. आमचे अर्ध्यात अडकले. ज्या प्लॅटफॉर्मवर होतो त्यांनी जाहिरातीचा खर्च म्हणून किती कापले हे मला शेवटी कळलं, आधी विचारायला सुचलं नाही, बाळ व्हेंटिलेटरवर असताना कुणाला सुचतं. तेव्हा खजिनदारसाहेब, आधी लेखी घ्या, किती टक्के, जाहिरातीला किती, पैसे कमी जमले तर काय.

दुसरं म्हणजे आमच्या आजारात औषध होतं म्हणून तरी त्या पळापळीला अर्थ होता. आणि ते औषध कुठून आलं तेही बघा, अमेरिकेत 1984 मध्ये आईवडिलांनी मिळून संस्था काढली, जीन सापडला 1995 मध्ये, म्हणजे अकरा वर्षं नुसती वाट बघत. मॅसॅच्युसेट्समध्ये रवींद्र सिंग नावाच्या आपल्याच भारतीय शास्त्रज्ञाने टीमबरोबर जनुकातली एक छोटी जागा शोधली, तिच्यावर पुढे पहिलं औषध उभं राहिलं, आणि त्या कामाच्या मागे त्या पालक संस्थेची ग्रँट होती. 2016 च्या डिसेंबरला मंजूर झालं. बत्तीस वर्षं. मग सातारकर म्हणतात खडा, तर असू दे खडा.

पण गंमत अशी की भारतातल्या आमच्या मुलांना मोठा फरक पडला तो वर्गणीने नाही. पिण्याचं औषध येतं, रिस्डिप्लॅम, एक बाटली सहा लाखाच्या पुढे होती. पेटंटवर कोर्टात केस चालली, ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्वस्त औषध थांबवायला नकार दिला आणि हैदराबादच्या कंपनीची तशीच बाटली 15,900 ला आली. सहा लाख कुठं, सोळा हजार कुठं. मी त्या दिवशी दुकान बंद करून घरी आलो होतो. सरकारच्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात 2022 पासून पेशंटमागे 50 लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईत केईएम हे त्याचं केंद्र, पण आयुष्यभर घ्यायच्या औषधाला 50 लाख जुन्या किमतीत सहज संपायचे, नव्या किमतीत ते किती वर्षं पुरतील करा हिशेब.

म्हणून माझं म्हणणं, एका पोरीच्या नावाने कोटीचा आकडा लावू नका. त्या बापाला पुढची पाच वर्षं गल्लीत मान वर करून चालता येणार नाही, प्रत्येक जण विचारेल पैशाचं काय झालं. आमच्याकडं विचारतात अजून.

---

स्पष्टवक्ता_सातारकर:

नाशिककर भाऊ, तुमच्यापुढं काय बोलणार. खडा शब्द मागं घेतो. पण पैसा परदेशी पाठवायचा नाही यावर मी ठाम, आणि एडिनबराचे साहेब पण तेच म्हणतायत असं दिसतंय.

---

औंध_ते_एडिनबरा:

हो, तेच म्हणतोय. साहेब नको पण, अजून पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक आहे, भाडं भरताना रडतो.

---

सीए_कोल्हापूर:

खजिनदार, भावना सगळ्यांनी लिहिल्या, मी रुक्ष लिहितो कारण रविवारच्या मीटिंगनंतर सही तुमची आहे.

परदेशी संस्थेला मंडळाने थेट पैसे पाठवायचा विचार सोडून द्या. तुमचं मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला करसवलत मिळवायला दिल्लीची वेगळी मंजुरी लागते, आणि नोंदणीकृत नसेल तर बँकच विचारेल तुम्ही कोण. द्यायचंच असेल तर भारतातल्या संस्थेला द्या, रेटसाठी पालकांची राष्ट्रीय संस्था आहे, तिचं देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र आणि बाकी कागदपत्रं मागून घ्या, मागायला लाजायचं नसतं.

वर्गणी धर्मादाय कार्यालयाच्या 41 क च्या परवानगीने जमवली असणार. ती गणेशोत्सवासाठी दिलेली असते. हिशेब तर द्यायचाच आहे, पण शिल्लक दुसऱ्या कामाला वापरताना ठराव करा, त्यात मुलीचं नाव न घालता वैद्यकीय मदत असं लिहा आणि धर्मादाय कार्यालयात विचारून पोच घ्या. तोंडी विचारलं होतं याला काही अर्थ नसतो.

रोख देऊ नका. मुलीच्या वडिलांच्या खात्यात पण एकदम टाकू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आलेली रक्कम उत्पन्न म्हणून मोजली जाऊ शकते, मग त्या बिचाऱ्याला नोटीस. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय ट्रस्टकडून आली तर तो प्रश्न येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे फिजिओचं, स्प्लिंटचं, लॅबचं बिल मंडळाने परस्पर भरायचं, बिल मंडळाच्या नावाने फाइलला.

गल्लीतला कुणी दुबईत असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर त्याचे पैसे चालतात. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामाचे चालत नाहीत, ते विदेशी देणगीत जातात, त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. मामा कितीही प्रेमळ असला तरी.

आणि मंडळाच्या पैशाआधी सरकारचा पैसा काढा. युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) झालंय का? नसेल तर सिव्हिलला जाऊन दिव्यांग प्रमाणपत्र. त्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना मिळते, वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडी आणि थेरपी पण बसते, जे साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. बौद्धिक किंवा बहुविकलांगता असं प्रमाणपत्रावर आलं पाहिजे, नुसतं अस्थिव्यंग लिहून आणू नका, तिथेच लोक फसतात. वडील जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असतील तर दिव्यांग अवलंबितासाठी 75 हजार, तीव्र असेल तर सव्वा लाख वजावट आहे. हळदीच्या दुकानातला हिशेबनीस आहे म्हणजे त्याला मी शिकवायची गरज नाही कदाचित.

---

सांगलीकर_खजिनदार:

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. मीटिंग झाली काल, सांगतो.

कॅम्पेनवाल्याला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. आधी म्हणाला डॉक्टर देतील, कुठले डॉक्टर विचारलं तर म्हणाला प्रोसेस सुरू झाल्यावर कळेल. नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्या गटाचे दोघं जण तरीही म्हणत होते की करून बघायला काय जातंय, मग मी नाशिककरांचा मेसेज जसाच्या तसा वाचला. गप्प झाले.

ते वडिलांच्या शुक्रपेशीचं वाक्य मीटिंगमध्ये नाही वाचलं, जमलं नाही मला, सगळी पोरं बसलेली. पण मुलीच्या आजीला आमच्या आईने घरी जाऊन सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत म्हणे, चहा मात्र केला.

ठरलं असं की दीड लाख मुलीसाठी, दीड वर्षात संपवायचे, फिजिओ घरी येणार आठवड्यातून दोनदा, बिल मंडळ भरणार, स्प्लिंटचं माप मिरजेला पुढच्या आठवड्यात. युडीआयडीला एक पोरगा लावलाय, तोच जो डीजेसाठी सगळ्यात जास्त भांडत होता, त्याला सरकारी ऑफिसात भांडायला पाठवणार. उरलेल्या पाऊण लाखावर अजून वाद आहे. पुण्याचा पोरगा म्हणतो की एडिनबरावाल्यांनी सांगितलं तसं जिल्ह्यातल्या बाकीच्या मुली शोधूया, ज्यांना हात चोळायची सवय आहे आणि आधी येत असलेलं गेलंय अशांची टेस्ट मंडळाने करून द्यायची. अध्यक्ष म्हणतात की आपण काय डॉक्टर आहोत का, कुणाच्या घरी जाऊन तुमच्या पोरीला हे आहे असं सांगणार? मलाही तो प्रश्न पडलाय. हे करायचं कसं?

---

औंध_ते_एडिनबरा:

अध्यक्षांचं बरोबर आहे, घरोघर तुम्ही नाही जायचं. जिल्ह्यातल्या विशेष मुलांच्या शाळा आणि थेरपी सेंटरमधल्या बाई सगळ्या मुलींना रोज बघतात, त्यांना सांगा. बालरोगतज्ज्ञांची सांगली-मिरजेत संघटना असेल, तिच्या एखाद्या मीटिंगला अर्धा तास मागा, एखाद्या पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टने बोलावं, तुम्ही फक्त सांगायचं की टेस्टचे पैसे आमच्याकडे आहेत. मुलगी निवडायची डॉक्टरांनी, रिपोर्ट जायचा डॉक्टरांकडे आणि आईवडिलांकडे, मंडळाकडे फक्त बिल. नाव मंडळाला कळायचीही गरज नाही. टेस्टमध्ये एमईसीपी-टूचं सीक्वेन्सिंग (जीनची अक्षरं वाचणं) आणि सोबत डिलिशन बघणारी एमएलपीए, दोन्ही मागायचं, कारण जीनचा मोठा तुकडाच गायब असेल तर नुसत्या सीक्वेन्सिंगमध्ये सुटू शकतो. आणि टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशन पाहिजेच, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होणारी लॅब नको.

---

स्पष्टवक्ता_सातारकर:

साताऱ्यात एका विशेष मुलांच्या शाळेत माझी बहीण शिकवते. तिला काल हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली अशी एक मुलगी आहे, हात सारखे तोंडाशी आणि चोळत असते, फाइलवर ऑटिझम लिहिलंय. जिल्हा दुसरा आहे, पण मंडळाला चालेल का?

---

सांगलीकर_खजिनदार:

चालेल की. अध्यक्षांना मी बघतो. बहिणीला सांगा आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला म्हणावं, लॅबचा बिलाचा फॉरमॅट सीए साहेबांकडून घेऊन पाठवतो.

---

ठाणेकर_आई:

दादा, ईसीजीचं राहिलं सांगायचं. झाला का?

---

सांगलीकर_खजिनदार:

झाला ताई, परवाच. क्यूटी थोडी लांबलेली निघालीय. मिरजेच्या डॉक्टरांनी न चालणाऱ्या औषधांची यादी करून दिली, वहिनींनी ती फ्रिजवर लावलीय आणि एक प्रत गल्लीतल्या मेडिकलवाल्याला दिलीय. फिटच्या औषधाबद्दल बेंगळुरूला निम्हान्स या मेंदूविकारांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखवायला सांगितलंय, तिथली अपॉइंटमेंट कशी मिळते, कुणी गेलंय का?